फुंकर

सकाळी सहाला खाटीकखान्याच्या मागच्या दारातून
बर्फावर ठेवलेले बारा डोळे मिळतात.
डुकरांचे. निळसर-करडे, अजून निवळ.
बोगुश पावतीवर सही घेतो आणि
भाजीवाल्याने कोथिंबीर टाकावी तसा
वरती तेरावा टाकतो.

तोरुनमध्ये नोव्हेंबर. विस्तुलावर इतकं धुकं
की पूल अर्ध्यातच संपतो.
ट्रॅममध्ये मी डबा मांडीवर घेते.
दुपारच्या आत मोजायला हवेत.
नंतर पारपटल पाणी पितं, फुगतं,
आणि खोटं बोलू लागतं.

यंत्र म्हणजे एक बारीक नळी, तिच्यातून हवेची फुंकर,
आपली पापणी लवायच्या आत संपणारी.
पारपटल दबतं, केसाच्या जाडीहूनही कमी,
आणि एक लाट कडेकडे निघते.
न दिसणारा प्रकाश तिच्या मागावर.
लाट पळाली तर ऊतक ताठ.
रेंगाळली तर मऊ.
एवढंच शास्त्र. बाकी आकडेमोड,
आणि तळघरात न चालणारा हीटर.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते हसले.
एक्केचाळीस वर्षं मधाच्या पावांची भट्टी.
कणीक लाकडी पिंपात आठवडेच्या आठवडे मुरायची
आणि ते रोज अंगठा रुतवून बघायचे,
खड्डा किती अंकांत भरतो.
"तीनला भरला की साच्यात.
तू तेच करतेस. फक्त हात धुवायचे वाचवलेस."

मी म्हटलं नाही, की अंगठ्याला एक गोष्ट कळत नाही.
ती मलाही उशिराच कळली.
डोळ्यात सुई घालून मिठाच्या पाण्याची बाटली जोडतो आम्ही,
आतला दाब राहावा म्हणून.
बाटली वरच्या आकड्याला टांगली, लाट सुसाट.
खालच्या आकड्याला, लाट सुस्त.
डोळा तोच. धागे तेच.
मग ताठपणा कुणाचा, डोळ्याचा की बाटलीचा?
लुदोमिराबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"दोन्ही लिही. शेजारी शेजारी."

मंगळवारी क्सावेरी आला. एकोणीस वर्षांचा, वेल्डिंग शिकणारा.
त्याचं पारपटल शंकूसारखं पुढे येत चाललंय,
रस्त्यावरच्या एका दिव्याचे त्याला सहा दिसतात.
"दुखेल?"
"नाही. फुंकर आहे नुसती."
तरी तीनदा पापणी आधीच मिटली.
चौथ्यांदा लाट आली, बरोबर मधोमध अडखळली.
पडद्यावर मऊपणाचा नकाशा, निळा.
"मऊ म्हणजे वाईट का?"
दगडापेक्षा वीट मऊ, पण भिंत विटेचीच असते,
असलं काहीतरी जिभेवर आलं. गिळलं.
पिवळे थेंब घालतील, म्हटलं, आणि जांभळा उजेड,
धागे एकमेकांना धरतील.
सहा महिन्यांनी परत ये.
त्याने विचारलं, तोवर टॉर्च हातात धरू का.
मला खरंच माहीत नव्हतं.

शनिवारी प्रयोगशाळा रिकामी असते.
वडिलांना हनुवटी टेकवायला सांगितली.
आई गेल्यापासून त्यांना कुणी असं काही सांगितलं नव्हतं.
फुंकर आली, ते लवले नाहीत.
लाट अशी गेली की मला पुन्हा चालवून बघावं लागलं.
ताठ. वयाने असेल.
किंवा दाबाने.
काचेच्या कपाटात बाटल्या ओळीने होत्या,
आणि मला कळेना
या माणसाची बाटली कुठल्या आकड्याला टांगलेली आहे,
कुणी टांगली, कधी.
वहीत पहिला रकाना भरला.
दुसऱ्यात काचबिंदूच्या डॉक्टरांचा फोन नंबर लिहून ठेवला.

परतीच्या ट्रॅममध्ये त्यांचा डोळा लागला.
अंगठा मात्र गुडघ्यावर
दाबत होता, सुटत होता.
मी मनात मोजत बसले,
एक, दोन,